आजी काय म्हणते

चुलीत खुपसलेल्या विळ्याचं टोक लाल झालं, तेव्हा मी ओजसला आईंच्या मांडीवरून उचललं.

“काय करून राह्यली सूनबाई? जनाबाई आलीच हात धुऊन.”

“मी दवाखान्यात नेते त्याला.”

“ने ना. नेऊ नको असं कोन म्हनते? पन डाग देऊन ने. डबा झाला हाय त्याले. डब्याले सुई चालत नाई.”

जनाबाई पदराला हात पुसत आत आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, “पोरी, एकच टिचका. बेंबीच्या वर दोन बोटं. तुह्या नवऱ्यालेबी म्याच देल्ला होता. बिघडलं काई त्याचं?”

तो डाग मी पाहिलेला होता. लग्नानंतर विचारलं, तर गजानन हसून म्हणाले होते, लहानपणी आजारी होतो, त्याची खूण आहे. जुन्या रुपयाएवढा, चकचकीत. पाच महिन्यांच्या पोराच्या अंगावर तेवढा डाग म्हणजे निम्मं पोट.

मी चप्पल न घालता अंगणाबाहेर पडले. गजानन निवडणुकीच्या प्रशिक्षणाला दुसऱ्या तालुक्याला गेलेले, आणि शिक्षकांचे फोन तिथे दारातच जमा करून घेतलेले. रस्त्यावर रिक्षा मिळाली. ती सुरू होते न होते तोच आई धापा टाकत आल्या, गोधडी बगलेत मारून माझ्याशेजारी बसल्या. सात किलोमीटर त्या ओजसच्या पोटाकडे बघत होत्या आणि मी त्याच्या तोंडाकडे.

मी नाशिकची. बी.एस्सी. झालेली. लग्न होऊन या गावात आले त्याला तीन वर्षं झाली होती. घरातलं बोलणं मला आता कळायचं, पण ‘डबा’ हा शब्द मी त्या सकाळी पहिल्यांदा ऐकला, आणि ऐकला तो लाल विळ्यासोबत.

ग्रामीण रुग्णालयात बाकांवर दहा-बाराजणी होत्या. माझ्या पुढची बाई तिच्या शेजारणीला सांगत होती, “मोठे डाक्तर कोर्टात गेले साक्षीले. आज थे नवी पोरगी हाय. पुन्याची. लय महागाच्या शाळेत शिकली म्हने. तिथं मराठी बोललं तं दंड घेत.”

“मंग गोळ्या मराठीत देते का इंग्रजीत?”

“गोळ्या बरोबर देते वो. काल आमच्या म्हाताऱ्यानं सांगतलं, जीव घाबरते. तं विचारते कशी, कोनाले घाबरता बाबा? घरी कोनी मारते का?”

बाक हसला. आई हसल्या नाहीत. ओजसच्या नाकपुड्या फुलत होत्या. नाक चोंदलंय, मी मनाशी म्हटलं. दोन दिवस ताप आणि खोकला, सकाळपासून अंगावर प्यायलेला नाही. नाक चोंदल्यावर मूल पीत नाही, हे मी वाचलेलं होतं.

आत डॉक्टर म्हणजे खरंच पोरगीच होती. तेवीस-चोवीसची. कोटावर नाव होतं, ईशाना सबनीस. नाव मराठी, आडनाव मराठी, आणि पहिलंच वाक्य, “बाळ कधीपासून आजारी आहेत?”

मी इंग्रजीत उत्तर दिलं.

तिचे खांदे खाली आले. सकाळपासून आवळून धरलेलं काहीतरी सुटावं तसे. “थँक गॉड,” ती म्हणाली, आणि मग आम्ही इंग्रजीतच बोलायला लागलो.

ते बोलणं गेल्या नऊ वर्षांत मी मनात पुन्हा पुन्हा मोजलं आहे. दहा मिनिटांपेक्षा जास्त नसेल. पण तीन वर्षांत त्या तालुक्यात मला ‘तुम्ही कुठल्या, काय शिकलात’ असं कुणी विचारलं नव्हतं. तिने विचारलं. मग स्वतःचं सांगितलं. आंतरराष्ट्रीय शाळा, दुसरी भाषा फ्रेंच. वर्गातली सगळी मुलं टोरांटोला, एडिनबराला गेली. ही एकटी हट्टाने इथे राहिली, डॉक्टर व्हायचं तर इथेच म्हणून. शाळेचं प्रमाणपत्र इथल्या बारावीच्या बरोबरीचं धरायचं की नाही, या कागदांच्या फेऱ्यांत एक वर्ष गेलं. अभ्यासक्रम निराळा, म्हणून प्रवेश परीक्षा दोनदा द्यावी लागली. बाबा म्हणत होते, अजूनही परदेशी जा. “आता फक्त सात महिने इंटर्नशिप,” ती म्हणाली, “मग मी डॉक्टर.” बोलताना ती स्टेथोस्कोपचं तोंड तळहातावर घासून गरम करत होती, पोराला गार लागू नये म्हणून. ते मला फार आवडलं.

टेबलावर एक छोटी वही उघडी होती. ‘कणकण’, ‘चमक’, ‘जीव घाबरणे’ असे शब्द वेड्यावाकड्या देवनागरीत, आणि पुढे इंग्रजीत अर्थ.

आईंनी मध्येच हात घातला आणि ओजसचं झबलं वर ओढलं. “बाई, याचं पोट पाय. डबा हाय हा. पोट उडून राह्यलं त्याचं, खड्डा पडून राह्यला.”

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. पेन उचललं, वही पुढे ओढली. “आजी काय म्हणते?”

ओजसच्या पोटावर आईंनी पहाटे हिंगाचा लेप थापला होता. तो वाळून तडकला होता. कमरेला काळा दोरा, त्यात बिब्बा ओवलेला. मी झटकन झबलं खाली ओढलं आणि इंग्रजीत एक वाक्य बोलले.

डॉक्टर हसली. मीही हसले. तिने पेनला टोपण लावलं.

मग झबल्याच्या गळ्यातून हात घालून तिने छाती तपासली. ओजस किंचाळायला लागला. काही ऐकू येत नसावं. तिने दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा सोडून दिला. “सर्दी दिसतेय. आणि पोटात गॅस?”

“असेल.”

तिने नाकात घालायचे थेंब लिहून दिले, पोटाचे थेंब लिहून दिले, ताप वाढला तर उद्या आणा म्हणाली.

आई इतका वेळ आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “काय म्हनली थे?”

“सर्दी आहे म्हणाल्या.”

“डब्याचं सांगतलं तू तिले?”

“सांगितलं.”

“मंग हासली काऊन?”

मी थेंब घ्यायला खिडकीकडे गेले.

फाटकापाशी रिक्षाची वाट बघत बसलो. अर्धा तास गेला असेल. ओजस शांत झाला. मला बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदा डोळे मिटलेत म्हटलं.

“झोपला नाई थो,” आई म्हणाल्या. “थकला.”

“झोपू द्या आई. नका हलवू.”

त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी त्याच्या गालाला बोट लावलं. मूल गालाला बोट लागलं की तोंड वळवतं. ओजसने वळवलं नाही. मग मी त्याचे ओठ पाहिले. कडेने निळसर झाले होते, शाईच्या पेनाचं टोक चोखल्यासारखे.

मी धावले. रांग कुठे होती, कोण काय ओरडलं, आठवत नाही. ढोबळे सिस्टर प्रसूतीच्या खोलीतून नुकत्याच बाहेर येत होत्या. पन्नाशीच्या, त्याच तालुक्यात जन्म गेलेल्या. त्यांनी पोर माझ्या हातातून घेतलं, टेबलावर ठेवलं आणि झबलं फाडूनच काढलं. लेपाकडे त्यांनी बघितलंही नाही.

मग मी पाहिलं. दर श्वासाला बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता. कुणी आतून मूठ आवळून कातडी ओढत असावं, तसा. पोट वर उडत होतं, छाती आत जात होती.

“मॅडम,” सिस्टर म्हणाल्या, “डबा आहे हा.”

“डबा म्हणजे?”

“न्यूमोनिया. इकडे त्यालाच डबा म्हणतात. लहान पोराचा. हा खड्डा दिसतोय ना, हाच डबा. शेंबडं पोरगं सांगेल इथलं.”

डॉक्टर ईशानाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं, आणि मग ऑक्सिजनची नळी लावायला वळली. नळी पहिल्याच खेपेला लागली. सिस्टरांनी इंजेक्शन दिलं. डॉक्टरने मोठ्या डॉक्टरांना फोन केला. ते कोर्टातून निघालेच होते. वीस मिनिटांत पोचतो, तू पोराला घेऊन जिल्ह्याला नीघ, थांबू नकोस, असं फोनमधून ऐकू आलं.

रुग्णालयाचीच गाडी होती. अठ्ठेचाळीस किलोमीटर. मी एका बाजूला, डॉक्टर गुडघ्यांवर, आणि आई. आईंना सिस्टर पुढे ड्रायव्हरजवळ बसा म्हणत होत्या. त्या म्हणाल्या, “मी मागंच बसतो,” आणि बसल्या.

अर्ध्या वाटेत ओजसचा खड्डा पडायचा थांबला. मला वाटलं, बरं वाटतंय.

“नाही,” डॉक्टर म्हणाली. “तो दमला. तो श्वास घेत नाही.”

तिने तोंडावर बसवायचा रबरी फुगा काढला आणि दाबायला लागली. वन, टू, थ्री. वन, टू, थ्री. वनला दाबायचं, टू-थ्रीला सोडायचं. छाती वर यायची, खाली जायची. माझ्या पोराची छाती, दुसऱ्या कुणाच्या हातांवर.

“जगेल ना?” मी विचारलं.

“मला माहीत नाही.”

“खोटं तरी सांगा.”

तिने मान हलवली. तिचे डोळे वाहत होते, पण पुसायला हात रिकामा नव्हता. वनटूथ्री, वनटूथ्री. रस्ता खराब होता. गाडी उडायची, फुगा सुटायचा, ती पुन्हा बसवायची. तिची मोजणी वेगात जायला लागली. ती आता मोजत नव्हती, पळत होती.

आईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. “लवकर होऊन राह्यलं तुह्यं. मापात घे.”

डॉक्टरला कळलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी ओजसच्या छातीकडेच बघत होते.

आईंनी वाट पाहिली नाही. त्या मोठ्याने म्हणाल्या, “लाभ.” थांबल्या. “दोन.” थांबल्या. “तीन. लाभले दाब. लाभ… दोन… तीन…”

खळ्यावर ज्वारी मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आईंनी चाळीस वर्षं तसंच मोजलं होतं. त्यांचा आवाज पुढेही गेला नाही आणि मागेही राहिला नाही. डॉक्टरचे हात हळूहळू त्या आवाजाच्या खाली आले. लाभला दाबायचं. दोन, तीन, सोडायचं. ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला नव्हता, तरी मला त्या दोघींखेरीज काही ऐकू येत नव्हतं. पंचवीस मिनिटं लाभ, दोन, तीन. मी काही केलं नाही. मी ओजसचा तळपाय धरून बसले होते. तो गार होता.

जिल्ह्याला पोराला आत नेलं आणि काचेचं दार लागलं. थोड्या वेळाने मोठे बालरोगतज्ज्ञ बाहेर आले. आधी आमच्याशी बोलले. नळी घातलीय, मशीनवर आहे, तीन दिवस काही सांगता येणार नाही. मग तिथेच, आमच्यासमोर, ते तिच्याकडे वळले.

“सकाळी पाहिलंस तेव्हा छाती आत ओढली जात नव्हती?”

“मी कपडे काढून पाहिलं नाही सर.”

“का?”

तिने काचेच्या दाराकडे पाहिलं.

“बरोबरची माणसं काही बोलली नाहीत?”

“आजी बोलल्या होत्या. मला कळलं नाही.”

“कळलं नाही तर विचारायचं असतं. तोंड नाही तुला? इतक्या मोठ्या शाळेत हेच शिकवलं का? एक शब्द विचारला असतास तर हे पोर तासभर आधी इथे आलं असतं.”

मी तिच्यापासून तीन हातांवर उभी होते. मला वाटलं, आता ती सांगेल. तिने विचारलं होतं. पेन हातात घेऊन विचारलं होतं.

“हो सर,” ती म्हणाली.

संध्याकाळी गजानन आले. आईंनी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. “म्या तिच्या तोंडावर सांगतलं, डबा हाय. पोटबी दाखवलं. तं हासली थे. माह्या तोंडाकडं पाहून हासली.” हे सगळं खरंच होतं. त्या कुणालाही हेच सांगत, शेजारच्या पोराच्या आईला, झाडूवालीला. मी ऐकत राहायचे.

दुसरा दिवस तसाच गेला. आत अर्धा तास भेटायला सोडायचे. ओजसच्या नाकाडोळ्यांवर चिकटपट्ट्या, आणि मशीन त्याच्या वतीने श्वास घेत होतं. आईंनी जिल्ह्याच्या देवीला नवस केला, पोर हातात येईपर्यंत गूळ सोडला. गजाननना उपास धरायला सांगितलं. मला काही सांगितलं नाही. अंगावर पाजणारीनं उपास धरू नये म्हणतात. मी दर तीन तासांनी दूध बेसिनमध्ये पिळून टाकत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, मशीनचा जोर कमी करून बघतोय. आज त्याने स्वतःहून श्वास ओढला पाहिजे. नाही ओढला, तर पुढचं पुढे बोलू. ते ‘पुढचं’ त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, त्यावरून मला कळलं.

गजानन बाकावर बसून तक्रार अर्ज लिहीत होते. शाळेतल्या रेघी कागदावर, मास्तरांच्या सुंदर अक्षरात. ‘सदर शिकाऊ डॉक्टरांनी मुलाच्या आजीने स्पष्टपणे सांगूनही हेतुपुरस्सर दुर्लक्ष केले.’ सबंध अर्धं पान.

आणि डॉक्टर ईशाना जिन्याच्या पायऱ्यांवर बसली होती. तिची ड्यूटी नव्हती तिथे. कालही तालुक्याची ओपीडी आटोपून एसटीने आली, त्या पायरीवर बसली, काचेकडे बघत राहिली, गेली. आज सकाळपासूनच होती, आणि तिचे वडील बरोबर होते. पुण्याहून गाडी घेऊन आलेले. उंच, अबोल गृहस्थ. त्यांनी येऊन गजाननना हात जोडले होते. “आम्ही तिला घरी नेतोय. तिनेच ठरवलंय. ती आता हे पुढे करणार नाही. तुम्ही अर्ज द्या, आमचं काही म्हणणं नाही.”

“देणारच आहे,” गजानन म्हणाले होते.

आता त्यांनी अर्ज पुरा केला, स्वतःची सही केली आणि कागद माझ्यापुढे धरला. “तू कर. तू होतीस तिथे.”

मी पेन घेतलं. काचेतून ओजसच्या मशीनचा हिरवा आकडा दिसत होता. मी सकाळपासून त्याच्याकडे बघत होते. आईंनी गूळ सोडला होता. गजाननांच्या पोटात दोन दिवस अन्न नव्हतं. माझ्याकडे सोडण्यासारखं एकच होतं.

“त्यांनी विचारलं होतं,” मी म्हटलं.

“काय?”

“डॉक्टरांनी. आई काय म्हणतात ते त्यांनी मला विचारलं होतं.”

गजाननना अजून कळलं नव्हतं. आईंना कळलं. त्या बाकावरून पुढे सरकल्या. “तिनं विचारलं होतं?”

“हो.”

“मंग तू काय सांगतलं?”

जिन्यावरून डॉक्टर उठली. “आजी, राहू दे,” ती म्हणाली. “राहू दे ते.”

“तू थांब वो बाई. मी माह्या सुनेले विचारून राह्यली.” आईंनी माझ्यावरची नजर काढली नाही. “इंग्रजीत काय बोलली तू तिच्यासंगं? मले मराठीत सांग.”

इंग्रजीत ते तीन सेकंदांत बोलून झालं होतं. मराठीत ते तोंडातून निघेना.

“मी म्हटलं…” मी पेन बाकावर ठेवलं. “मी म्हटलं, काही नाही. माझी सासू अडाणी आहे. अंधश्रद्धा आहे तिची. तिच्याकडे लक्ष देऊ नका.”

गजानन उभे राहिले. हातातला कागद कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. आईंनी पदर डोक्यावर नीट घेतला, खांद्यावर घेतला, पुन्हा डोक्यावर घेतला.

“इळा तापवला म्हून म्हनलं असशीन,” त्या म्हणाल्या. “थेबी खरंच हाय. इळा पाहून कोन्या मायचं काळीज थाऱ्यावर राहीन.” मग त्यांनी काचेकडे पाहिलं. “पन डबाबी खरा होता.”

त्या उठल्या. गुडघ्यांवर हात देऊन, एकेक पाऊल टाकत जिन्यापर्यंत गेल्या आणि त्या पोरीच्या शेजारी पायरीवर बसल्या. तिचे वडील बाजूला झाले.

“तुले हे कोनी शिकवलं नाई का?”

“पुस्तकात होतं आजी. हे नाव नव्हतं.”

“हात दे.”

डॉक्टरने हात दिला. आईंनी तो आपल्या लुगड्याच्या आत, बरगड्यांच्या खाली धरला आणि पोट खपाटीला नेऊन श्वास ओढला. “हे पाय. इथं. असा खड्डा पडला, आन् पोट उडालं, तं थो डबा. आन् नुसतं पोट फुगलं, वाजलं, तं थे वायू. डबा निराळा, वायू निराळा. समजलं?”

“डबा निराळा,” डॉक्टर म्हणाली. “वायू निराळा.”

“कोनी बाई आली, डबा म्हनली, तं पयले कपडा काढजो. लेप असो, दोरा असो, काई असो. मंग बाकीचं.”

“काढते आजी.”

“आन् संगं शिकलेली सून असली, तं तिले बाहेर बसवजो.”

डॉक्टरचा चेहरा वाकडा झाला. हसू होतं की रडू, मला तिथून दिसलं नाही. तिचा हात अजून आईंच्या बरगडीवरच होता. आई पुन्हा श्वास ओढून दाखवत होत्या, आणि ती डोळे मिटून हाताला काय लागतंय ते बघत होती. दोघींमध्ये कुणीही नव्हतं. कुणाची गरजही नव्हती.

तिचे वडील खाकरले. “ईशाना, निघायचं ना? पुण्याला पोचायला रात्र होईल.”

तिने डोळे उघडले.

“बाबा, तुम्ही निघा,” ती म्हणाली. “मला उद्या सकाळी ओपीडी आहे.”

“अगं, पण काल तूच—”

“उद्या बाजाराचा दिवस आहे. गर्दी असते.”

ते गाडीची किल्ली हातात घेऊन तसेच उभे राहिले.

काचेचं दार उघडलं. आतली नर्स बाहेर आली, हातात स्टीलची लहान वाटी. “ओजसची आई कोण?”

मी बाकावरच बसून होते. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. नऊ वर्षं झाली, तो चेहरा मला अजून रेषेरेषेने आठवतो. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

“थोडं दूध काढून द्या,” ती म्हणाली. “श्वास ओढायला लागलाय. सर म्हणतात, नळीने दूध देऊन बघू या.”

मग जिन्यावरून आवाज आला.

“ऊठ ना. बसली कायले?”

मी उठले आणि वाटी घेतली. ब्लाउज आधीच ओला झाला होता.